पेन्सिलीचा चंद्र

अंधश्रद्धा विज्ञानापुढे टिकत नाही, हे धुळ्यातल्या आमच्या गल्लीला शेजारच्या भाऊंनी शिकवलं. शहाऐंशी साली धूमकेतूसाठी घेतलेल्या दुर्बिणीतून ते चंद्र बघत आणि पेन्सिलीने त्याची चित्रं काढत. कुणी चंद्रावरचा ससा दाखवला, की काळी बोटं पुसत म्हणत, "ससा नाही, थिजलेला लाव्हा आहे." उपासतापासांवर तर त्यांचा रागच होता.

एका ढगाळ संकष्टीला पलीकडच्या म्हाताऱ्या अक्का पूजेचं ताट घेऊन आल्या. चंद्रदर्शनाशिवाय त्या पाणीही पीत नसत.

"भाऊ, तुनी दुर्बीणमा तरी चांद दिसस का? माले चक्कर येई राहिनी."

"ढगापलीकडचं नाही दिसत, अक्का. जेवून घ्या."

"चांद देख्याबिगर?"

भाऊ आत जाऊन चित्रांची चळत घेऊन आले. मी वरचा गोल चंद्र उचलला, तर माझ्यावरच खेकसले, "पौर्णिमेचा कसा चालेल? आज चतुर्थी आहे." मग एका कडेने जरा झिजलेला चंद्र शोधून त्यांनी दिव्याखाली धरला. अक्कांनी लाव्ह्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि उपास सोडला.

पुढच्या संकष्टीला आभाळ निरभ्र होतं. तरी दिवेलागणीलाच गल्लीतल्या बायका चित्रासाठी भाऊंच्या दारात उभ्या होत्या. खरा चंद्र उगवायला अजून बराच वेळ होता.