सुतळीनं मापलेलं कॅबिनेट

आमच्याकडे कम्प्युटरच्या डब्ब्याला कॅबिनेट म्हणतात. मला मोठं पाहिजे होतं, बाबांनी छोटं घेतलं, एवढीच गोष्ट आहे. सतरा वर्षं झाली तरी राग गेला नाही. लोक म्हणतात, जाऊ दे ना आता. कायले जाऊ देऊ?

बाबा यवतमाळला एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की त्यातली चिमूट घ्यायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धागा किती लांब ते सांगायचे. मूठभर कापूस तळहातावर तोलून ओल किती आहे तेही सांगायचे. त्यांच्या हातानं सांगितलेलं कधी चुकलं नाही, असं सगळं मार्केट म्हणायचं. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडले, गाड्या आटल्या, जिन एका पाळीवर आलं आणि एका दिवाळीनंतर उघडलंच नाही. बाबा घरी बसले. आणि घरी बसलेल्या बापाला आधी काय दिसते, तर घरात असलेली पोरगी.

मी काही नुसती बसलेली नव्हते. कॉलेज झाल्यावर मराठी टायपिंग शिकले, मग हार्डवेअरचा कोर्स केला. त्या वर्गात सगळे पोट्टे आणि मी एकटी. गावातल्या एका छापखानेवाल्या काकांनी शब्द दिला होता, घरी कम्प्युटर असला तर पत्रिका, प्रबंध, सगळं टाइप करायला तुलेच देईन. हे काम चाललं तर लग्नाचा विषय दोन-चार वर्षं तरी मागे पडेल, असा माझा हिशेब होता. मला यवतमाळ सोडायचं नव्हतं. स्वतःचं टेबल पाहिजे होतं.

एकेक पार्ट जमवला. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क नागपूरहून एसटीनं मांडीवर धरून आणली, धक्का लागू नये म्हणून. मॉनिटर, कीबोर्ड गावातच मिळाले. राहिलं होतं फक्त कॅबिनेट. मला उभं, मोठं टॉवर पाहिजे होतं. मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा झळ फेकतो. छोट्या डब्ब्यात बोर्ड शिजून जाईल, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. पुढं काम वाढलं तर दुसरी हार्ड डिस्क बसवायलाही जागा लागणार होती.

बाबा म्हणाले, "कॅबिनेट म्या घेतो. माप हाय माह्याजवळ."

त्यांनी खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या. समोरच्या खोलीतल्या कोनाड्यात कम्प्युटर ठेवायचं आमचं ठरलं होतं, म्हणून मला वाटलं कोनाड्याचंच माप असेल. दुकानात गेलो तर बाबा एकेका कॅबिनेटला सुतळी लावून पाहायला लागले. दुकानदार हसत होता. शेवटी एक बुटकं, काळं, आडवं कॅबिनेट त्यांनी उचललं. आत बोर्ड कसाबसा बसेल असं. मी म्हटलं, "बाबा, हे तापन. काम करून राह्यली मी, खेळून नाही राह्यली." दुकानदारानंही माझी बाजू घेतली, "काका, पोरगी बरोबर सांगून राह्यली."

"तिले काय समजते?" बाबा म्हणाले. "मोठं कायले पाहिजे? जागेत मावलं पाहिजे."

मी गप्प बसले. हीच माझी चूक. पण काम सुटून घरी बसलेल्या माणसाला भर दुकानात तोंडघशी कसं पाडायचं? आई सारखी सांगायची, त्याइचं मन मोडू नको. म्हणून माझं मोडलं.

घरी आणून सगळं मीच बसवलं. स्क्रू फिरवताना बोटं सोलली, वायरी कोंबल्या. पहिल्यांदा बटन दाबलं, पंखा फिरला आणि मी आईला मिठी मारली. फक्त एक गंमत झाली. कोनाड्यात ठेवलं तर दोन्ही बाजूंनी आणि वर वीतभर जागा उरली. बाबांचं माप चुकलं! मी खूप हसले. म्हटलं, अरे बाप्पा, सुतळी आखडली काय? बाबा हसले नाहीत. पेपर वाचत राहिले.

तो सगळा मोसम मी काम केलं. तापतं म्हणून एका बाजूचं झाकण उघडं ठेवायची आणि समोर टेबलफॅन लावायची. लोडशेडिंग पाहून कामाच्या वेळा बांधल्या. एका मास्तरांचा अख्खा प्रबंध टाइप केला. पत्रिका तर विचारूच नका, सगळ्या गावाची लग्नं माझ्या बोटांखालून गेली. मी खुश होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं कोणी विचारलंच नाही.

मग मुकुटबनचे पाहुणे मला पाहायला आले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी आले, आणि आतून बाबांचा आवाज ऐकला. जिन बंद पडल्यापासून असा भरदार आवाज ऐकला नव्हता.

"आंदणात स्टीलची आलमारी हाय आणि कम्प्युटर हाय. आलमारीच्या खालच्या खणात बरोबर बसते पाहा. म्या खणाचं माप घेऊनच कॅबिनेट घेतलं."

ट्रे हातातून पडला नाही. पडायला पाहिजे होता. मी चहा दिला, मान खाली घातली, त्यांनी मला पसंत केलं.

बाबांशी भांडले नाही. काय भांडणार, तारीख ठरली होती. लग्नाच्या दोन दिवस आधी घरातले सगळे कपडे घ्यायला गेलते, तेव्हा कॅबिनेट उघडलं आणि आतलं सगळं काढलं. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, करंट देणारा डब्बासुद्धा. सगळं टायपिंगच्या वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकलं. झाकण परत घट्ट लावलं. म्हटलं, न्या आता. सासरी कोणी बटन दाबेल, बोंबाबोंब होईल, बापाची मान खाली जाईल. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ते हेच. पण तेव्हा जिवाला फार थंड वाटलं.

पाठवणीच्या दिवशी मेटॅडोर दारात उभा होता. कॅबिनेट आणायला बाबा स्वतः आत गेले. उचललं आणि तिथंच थांबले. ज्या हातांना मूठभर कापसातली ओल समजायची, त्यांना ते वजन समजणार नाही? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर हलवली नाही. आता बोलतील, म्हटलं. निदान शिवी तरी देतील.

बाबा बाहेर गेले. दारात काढून ठेवलेल्या आलमारीच्या खालच्या खणात कॅबिनेट सरकवलं. बोटभर फट राहिली नाही. मग हमालांना म्हणाले, "हळू घ्या बे. नाजूक माल हाय."

मैत्रिणीनं ते पार्ट मोठ्या टॉवरमध्ये बसवून घेतले. छापखान्याचं काम तिच्याकडं गेलं. आता तिचं स्वतःचं दुकान आहे.

आणि मुकुटबनला? कॅबिनेटवर आणि वरच्या खणातल्या मॉनिटरवर सासूबाईंनी क्रोशाचा एकेक रुमाल घातला. हळदीकुंकवाला बाया आल्या की आलमारी उघडून दाखवायच्या, सुनेनं कम्प्युटर आणला म्हणून. बाया म्हणायच्या, वा. मी सगळं भांडण तोंडपाठ करून बसले होते. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली. बाबाही गेले. बटन कोणीच दाबलं नाही.

एकदा दुपारी घरी कोणी नव्हतं. मी आलमारी उघडली, रुमाल बाजूला केला. आत काही नाही हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? तरी दाबलं. टक् वाजलं. मी कान लावून बसले, पंखा फिरेल म्हणून.