अर्जदाराची परिस्थिती हलाखीची असून तिला व्हिसा मिळावा

माझ्या हातचा अर्ज आजवर कधी परत आलेला नाही. एकदाच आला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा होता.

मालवणात तहसील कार्यालयाच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स हे आपलं निमित्त, खरी कीर्ती अर्ज लिहिण्यात! वारसनोंद, रेशन कार्ड, विजेचा खांब हलवणे, शेजाऱ्याचा माड आमच्या कौलांवर झुकल्याबाबत... सांगाल तो विषय. माझं शास्त्र साधं आहे. अर्जदार जितका खचलेला, तितका अर्ज मजबूत. माणूस पोटभर आंबोळ्या खाऊन, स्कूटरवर शीळ घालत का येईना, माझ्या कागदावर उतरला की तो 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत' असतो. शेवटी 'मायबाप सरकारने पदरात घ्यावे' आणि मागे उत्पन्नाचा दाखला टाचलेला. दाखला कोणी मागितलेला नसतो. तरी टाचायचा! दाखल्याशिवायचा अर्ज मला बिनमिठाच्या सारासारखा लागतो.

तर माझी मुलगी मुग्धा. प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि परदेशातल्या एका विद्यापीठाला तिने परस्पर अर्ज केला. (मला न विचारता! घरात तज्ज्ञ बसलेला असताना!) तिकडून उत्तर आलं, तेही दोन दोन कोर्सना प्रवेश देणारं. एक व्यवसाय व्यवस्थापन. दुसरा... ते तिने जेवताना सांगितलं.

"बाबा, माका कालवांचो कोर्स करूचो आसा."

कालवं, म्हणजे आमच्या खाडीच्या खडकाखडकाला चिकटलेले शिंपले! मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"कसलो कोर्स?"

"कालवांची शेती. तिकडे खाडीत दोरयेर वाढवतत."

"अगो, आपली जयाकाकी चाळीस वर्सां खाडीत बसान कालवां फोडता! तिका इचार, ती फुकट शिकयतली! त्याच्यासाठी इमानान जावक कशाक व्हया?"

माझं दुःख वेगळंच होतं. लग्नाच्या मांडवात कोणीतरी विचारणार, 'मुलगी परदेशात काय शिकता?' तेव्हा 'व्यवस्थापन' म्हटलं की समोरचा पुढचं विचारत नाही, कारण त्यालाही ते काय असतं हे ठाऊक नसतं. 'कालवां' म्हटलं तर लगेच विचारणार, 'सुकी की रश्श्यातली?'

मी आठवडाभर व्यवस्थापनाचा प्रचार केला. कुडाळच्या एका सल्लागाराकडून रंगीत तक्ता आणला. बायको तक्त्यावर कोकमं वाळत घालून म्हणाली, "व्यवस्थापन शिकान ह्यां काय करतलां? तुमचां झेरॉक्सचां दुकान चालवतलां?"

मुग्धा मात्र शांतपणे बोलली. "बाबा, माका परत येवचां आसा. आपल्या खाडीत कालवां कमी झाली. ती वाढवूची कशी, ता त्या एकाच कोर्सात शिकवतत. दुसरां शिकान माका तिकडेच ऱ्हवाचां लागात."

यावर मी कोकमांखालचा तक्ता काढून गुंडाळला आणि हार मानली. (तिच्या आईने ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.) कालवं ठरली.

आता व्हिसा. त्यासाठी हाच कोर्स का निवडला, याचं पत्र लागतं. ते मुग्धाने स्वतः लिहिलं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवलं. ती मेडिकल तपासणीला पणजीला जायची होती आणि कर्जमंजुरीचं बँकेचं पत्र त्याच दिवशी दुकानावर यायचं होतं. निघताना मला तीनदा बजावलं. "बँकेचां पत्र इलां की स्कॅन करा. माझां पत्र आसा तसां जोडा. बटण दाबा. बाकी कायेक करू नकात!"

"अगो, माका शिकयतंस? ह्या तालुक्याक अर्ज लिवन दिलंय मी!"

बँकेचं पत्र आलं, स्कॅन केलं. मग सहज, केवळ बाप या नात्याने, तिचं पत्र उघडलं. पानभर मजकूर. आमच्या खाडीत कालवं आहेत, ती कमी होत आहेत, ती वाढवायचं शास्त्र या कोर्समध्ये आहे, शिकून परत येईन आणि खाडीतल्या बायकांबरोबर काम करीन. संपलं! कुठे विनंती नाही, कुठे हुंदका नाही, पदर तर औषधालाही नाही! असल्या कोरड्या पत्रावर आमच्या तहसीलमधला शिपाईसुद्धा वर बघणार नाही, तिथे परदेशी साहेब काय बघणार? पोरीचं वर्ष फुकट जाईल, या विचाराने माझा जीव कळवळला आणि बोटं आपोआप चालू लागली.

मी मराठीत लिहिलं आणि कॉम्प्युटरकडून इंग्रजी करून घेतलं. 'अर्जदार अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतील कुटुंबातील असून तिच्या वडिलांचे उत्पन्न तुटपुंजे आहे. या भागात तिला कोणतेही भवितव्य उरलेले नाही. तरी आपल्या थोर देशाने तिला कायमचे पदरात घ्यावे.' ('कायमचे' हा शब्द वजन येण्यासाठी.) कालवं काढून टाकून तिथे 'सागरी विषय' असं भारदस्त घातलं. आणि साहेबांना अडचण नको म्हणून खाली, 'अर्जदारास दोन्हीपैकी कोणताही कोर्स चालेल. आपण सोयीने मंजूर करावा.' मागे उत्पन्नाचा दाखला. फार पूर्वी तिच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला, मन लावून कमी दाखवलेला. बटण दाबलं आणि समोरच्या टपरीवर जाऊन स्वतःला एक चहा पाजला.

मुग्धाला सांगितलं, "गेलो अर्ज." तेवढं खरंच होतं.

तीन आठवड्यांनी नकार आला. मुग्धाने पडवीत उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. अर्जदाराकडे शिक्षणासाठी पुरेसे पैसे आहेत असं वाटत नाही. शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल असं वाटत नाही. अर्जदाराने हा कोर्स का निवडला, हे अर्जदारालाच माहीत आहे असं वाटत नाही.

थोडक्यात, माझा अर्ज त्यांनी शब्दन् शब्द मानला होता! असं यश मला तहसीलमध्येही कधी मिळालं नव्हतं.

"बाबा," अर्जाला जोडलेलं पत्र फोनवर उघडून मुग्धा म्हणाली, "ह्यां कोणी लिवलां?"

"लिवलां नाय गो. जरासां सुधारलंय."

 ती पडवीच्या पायरीवर बसून माझा मजकूर पहिल्यापासून वाचू लागली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. पुन्हा घासली.

विद्यापीठ महिनाअखेरपर्यंत जागा राखणार होतं. म्हणजे नवा अर्ज लगेच जायला हवा होता. मुग्धाने डोळे पुसले आणि आज्ञापत्र काढलं. "आता तुमी फक्त माझ्यासमोर आणि मी सांगतंय ताच टाइप करूचां."

पहिली शिक्षा, माझं हमीपत्र. आधीचं पत्र मी परस्पर बदललं आणि दाखला जुना होता, याची कबुली; आणि त्याखाली, 'माझी आर्थिक परिस्थिती चांगली आहे.' हे वाक्य मी आयुष्यात कोणासाठीच लिहिलं नव्हतं!  तहसीलमधून कोणी बघत नाही ना, म्हणून दोनदा मान वळवून पाहिलं.

मग जयाकाकी आली. खाडीतल्या बायका मुग्धाबरोबर काम करणार आहेत, असं त्यांच्याकडून पत्र हवं होतं. काकी ओहोटीवरून थेट आलेली, हातात कोयती, लुगड्याला चिखल. दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लिव रे बाबल्या."

(मी पंचावन्न वर्षांचा आहे. तिच्यासाठी बाबल्याच.)

"मी जया. खाडीत कालवां काढतंय. आदी बसल्या जाग्यार टोपली भरत होती. आता अर्धी खाडी पालथी घातलंय तरी तळ दिसता. ह्यां चेडू कालवां वाढवूक शिकान येतलां, मगे आमी सगळी मिळान वाढवतलंव. दुसरां काय शिकान इलां तर माका उपेग नाय. बेगीन धाडा आणि बेगीन परत धाडा."

मी टाइप करत होतो. पण बोटांना जुनी खोड! शेवटी कधी उमटलं मलाच कळलं नाही, 'सदर महिलेची परिस्थिती हला...'

"बाबा!" मागून मुग्धा किंचाळली.

"काय लिवता गो तो?"

"तू हलाखीत आसस, असां लिवता."

काकी कोयतीसकट उभी राहिली. "हलाखी? कोणाची? माझी? दोन झिल शिकयलंय ह्या कालवांवर! घरार स्लॅब घातलंय! मे म्हयन्यात तुझ्या घरात कालवां कोण धाडता? हलाखी तुझी आसात!"

बाहेर रांगेत उभे असलेले सातबाराचे दोन अर्जदार गुपचूप माघारी गेले. मी ओळ खोडली. उत्पन्नाचा दाखला मुग्धाने आधीच माझ्या खणातून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता.

व्हिसा मिळाला. हाच कोर्स का, याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

परवा मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. गुडघ्याएवढे बूट घालून ती कुठल्याशा गारठलेल्या खाडीत उभी होती आणि हातातलं कालव फोडून दाखवत होती. मी अभिमानाने फोन जयाकाकीला दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "कोयती उलटी धरल्यान. असू दे, शिकतलां."

आता गावात बातमी पसरली आहे की बाबलच्या दुकानातून परदेशाचे अर्ज पास होतात. पोरं येतात, आईबापांना घेऊन येतात. कोणता कोर्स घेऊ, पत्रात काय लिहू, विचारतात. मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि तालुक्यातल्या जुन्या जाणत्या तज्ज्ञाला शोभेल असा सल्ला देतो.

"आदी जयाकाकीकडे जा. ओहोटीक खाडीत गावतली. ती सांगात ता कागदार लिवन घेवन येवा. झेरॉक्स मी काढून देतंय."