घरी न्यायची बॅटरी

गुणवंताभाऊंकडे गाडी दुरुस्त होते आणि माणसाची हजेरी फुकटात घेतली जाते, हे सौंसरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोरगाव रस्त्यावर त्यांचं बॅटरीचं दुकान आणि मागे घर. मी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. शाळेत विज्ञान शिकवते, पण विजेबद्दल मला जे खरोखर कळलं ते त्यांच्या ओरडण्यातून.

जामसांवलीच्या मारुतीच्या देवळापाशी नाश्त्याची गाडी लावणारे, वरातीत गाणी वाजवणारे, सगळे त्यांच्याकडून गाडीत दुसरी बॅटरी बसवून घेत. दोन्हींच्या मध्ये एक लाल चावी. गाडी चालताना ती उभी ठेवायची, म्हणजे बॅटऱ्या जोडलेल्या राहतात आणि दोन्ही भरतात. गाडी थांबली की आडवी करायची, म्हणजे दोन्ही वेगळ्या. मग मिक्सर फिरवा, दिवे लावा, खर्च होते ती दुसरी. पहिली शाबूत राहते आणि तिच्यावर इंजिन सुरू होतं.

"एक बॅटरी मजेची, एक घरी न्यायची," भाऊ प्रत्येकाला बजावत. "घरच्या बॅटरीले हात लावाचा नाही!" चावी आडवी करायला विसरून जो गाडी ढकलत आणेल, त्याचा मग सगळ्या रस्त्यासमोर उद्धार व्हायचा. "डोकं का घरी ठेवून आलता?"

"अहो, गिऱ्हाईक आहे ते, लेकरू नाही तुमचं," आतून रजनीवहिनी म्हणायच्या. दुकान टिकलं ते त्यांच्या जिभेवर, भाऊंच्या नव्हे.

मग वहिनींची फुफ्फुसं बिघडली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाशी नळी आली, आणि दीड वर्ष वहिनींनी उंबरठा ओलांडला नाही. भाऊंचं ओरडणं तेवढंच राहिलं, फक्त आतून कोणी टोकेनासं झालं. मला ती शांतता सहन होत नसे.

वहिनींचं माहेर पांढुर्ण्याकडचं. वडिलांचा संत्र्याचा बगीचा कधीचाच रघुनाथराव नावाच्या माणसाने विकत घेतलेला, घरही पडलेलं. पण माघ लागला आणि वहिनींनी एकच धोशा धरला. "आंबिया बहार फुटला असंल. एक डाव तो वास घेऊ द्या मले. मंग काही मांगत नाही."

भाऊ आठ दिवस जुन्या डिझेल जिपेखाली आडवे पडलेले दिसले. दुसरी बॅटरी बसली, मधे लाल चावी बसली, मशीन चालवायला इन्व्हर्टर बसला. "दुसरी दोन घंटे जाते," त्यांनी मला समजावलं. "संपत आली का इन्व्हर्टर पीं-पीं करते. वाजलं का निघाचं. पहिली भरलेलीच असते." अडीअडचणीला म्हणून ऑक्सिजनचं छोटं सिलेंडर माझ्या मांडीवर दिलं.

बगीच्यात पोचलो तेव्हा झाडं पांढरी झालेली होती. "इंजिन बंद करा बाप्पा," वहिनी म्हणाल्या. "धुराचा वास घ्याले आली का मी?" भाऊंनी इंजिन बंद केलं आणि बायकोच्या सीटजवळ येऊन खाली मातीतच बसले. वहिनी झाडांकडे पाहत होत्या, भाऊ वहिनींकडे.

"येऊन राहिला का वास?"

"येऊन राहिला नं," वहिनी म्हणाल्या. कोणत्या रांगेत वडील झोपाळा बांधत, कोणत्या विहिरीत कळशी पडली होती, सारं सांगत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना दीड वर्षात ऐकलं नव्हतं. दोन तास झाले. इन्व्हर्टर गप्प. भाऊ खूश झाले, "बॅटरी दमदार निघाली." तीन तास झाले, आणि मग पीं-पीं वाजलं.

भाऊंनी स्टार्टर मारला. टक. पुन्हा मारला. टक.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. लाल चावी उभीच होती. दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहिल्या होत्या, आणि तो वरचा एक तास मशीनने घरी न्यायच्या बॅटरीतून खाल्ला होता. तीस वर्षं जगाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या दिव्याखाली हा अंधार. भाऊंचं तोंड राखेसारखं झालं. पाठोपाठ मशीन बंद पडलं.

मी सिलेंडरची किल्ली फिरवू लागले, ती फिरेना. वहिनींनी नाकाची नळी स्वतःच काढली, मला तळहाताने थांब म्हटलं आणि डोळे मिटले. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आणि चेहरा मात्र असा उजळला की मी किल्ली फिरवायची विसरले.

"आला," त्या म्हणाल्या. "आत्ता आला वो. नळीच्या वाऱ्यात काहीच येऊन नव्हतं राहिलं. तुमाले वाईट वाटंल म्हणून खोटं बोलली मी तीन घंटे."

भाऊ चावीशी वाकलेले, तसेच राहिले. मग त्यांनीच येऊन सिलेंडर सुरू केलं आणि नळी वहिनींच्या नाकाशी धरली. रघुनाथराव आणि त्यांच्या दोन गड्यांनी उतारावर धक्का दिला, जीप सुरू झाली. वाटभर वहिनी हसत होत्या. "डोकं का घरी ठेवून आलते?"

श्रावणात त्या गेल्या.

यंदा बहार आला तेव्हा भाऊ एकटेच जीप घेऊन गेले आणि लवकर परतले. मी चहा दिला. "वास लय आला, वृषालीबाई," ते म्हणाले. "पण येऊन राहिला का, असं विचारू कोणाले?" त्यांनी चहा तसाच ठेवला.

परवा शनिवारी रामाकोन्याचा एक पिकअपवाला जामसांवलीहून गाडी ओढत आणून दुकानासमोर उभा राहिला. लाल चावी आडवी करायची राहून गेली होती. बिचारा मान खाली घालून शिव्यांची वाट पाहू लागला. मीही ओट्यावर कान टवकारून उभी होते. आतून टोकणारं आता कोणी नव्हतं.

भाऊंनी चावी आडवी केली. बॅटरी चार्जिंगला लावली. मग त्याच्यासमोर स्टूल सरकवला आणि हळूच विचारलं,

"कोणाजवळ बसले होते?"