पांढऱ्याचा एकच हात

आमच्या पेठेत चार माणसं जमली की आधी कुणाच्या तरी तसबिरीला हार पडायचा. व्याख्यान असो, बक्षीस समारंभ असो, नाहीतर तालमीच्या नव्या पत्र्याचं उद्घाटन. स्टूल, स्टुलावर चादर, चादरीवर तसबीर, पुढं उदबत्ती आणि नारळ. एवढं झालं की पाहुणे बोलायला मोकळे. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. पण आता कुठल्याही कार्यक्रमात निवेदकानं ‘प्रतिमापूजन’ म्हटलं की मी उठून मंडपाबाहेर जाते. शेजारच्या बायकांना वाटतं, बाईंना ऊन लागलं असेल.

त्याचं कारण आमच्याच घरात घडलं. आणीबाणी उठून फार काळ लोटला नव्हता आणि मी कॉलेजात होते. वडील हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्यांचे जिवलग मित्र त्याच शाळेत उर्दू-फारसी शिकवायचे. दोघं एकमेकांना ‘मास्तर’ म्हणत आणि मी त्यांना चाचा. आमच्या माडीवर भाड्यानं एक नर्स राहायच्या. त्या कोकणातल्या ज्यू, तिकडं ज्यांना शनवार तेली म्हणतात त्यांतल्या. त्यांचे निम्मे नातेवाईक इस्रायलला गेले होते आणि त्या मात्र आमच्या माडीवर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून बसायच्या. गाव त्यांना सिस्टर म्हणे, मी मावशी.

रविवारी सकाळी ही तिघं आमच्या बाहेरच्या खोलीत चहाला बसत आणि भांडत. भांडणाला विषय कुठलाही चाले. मावशींनी एकदा नवस फेडायला मलिदा केला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं आणि साखर घालून. चाचांनी तो चवीनं खाल्ला आणि वर म्हणाले, “सिस्टर, छान झालाय. पण ह्याला मलिदा म्हणत न्हाईत. मलिदा चपातीचा, गूळ घालून कुस्करलेला. आमच्या घरी या, खरा खिलवतो.” मावशी संतापल्या. मग कुणीतरी इब्राहिमाची गोष्ट काढली. देवाच्या हुकमावरून ज्या मुलाला बळी द्यायला तो बाप निघाला तो मुलगा इसहाक, असं मावशी म्हणाल्या. चाचा म्हणाले, इस्माईल. दोघांनीही आपापला मुलगा सोडला नाही. शेवटी वडील म्हणाले, “अहो, पोरगं वाचलं ना? मग कुणाचं का असेना.” त्यावर दोघांनी एकदमच त्यांच्याकडं असं पाहिलं की वडिलांनी मुकाट्यानं कप उचलला.

पण त्या बैठकींनी वडील अगदी खुळावले होते. त्यांना इस्लाम म्हणजे लढाया आणि सनावळी एवढाच शिकवून माहीत होता. कुराणात मूसा आहे, ईसा म्हणजे येशू आहे, ईसाच्या आईच्या नावाचा एक अख्खा अध्याय, सुरा, आहे, हे कळल्यावर त्यांना शेजारच्या घरात आपले चुलते सापडावेत तसं झालं. ते म्हणायचे, इतकी वर्षं आपण एकाच घराण्याची तीन घरं वेगवेगळ्या गल्लीतली म्हणून शिकवत आलो. पैगंबरजयंती जवळ आली तेव्हा तालमीच्या व्याख्यानमालेत ह्याच विषयावर बोलायचं त्यांनी ठरवलं आणि अध्यक्ष म्हणून चाचांना गळ घातली. चाचा आधी नको म्हणत होते. त्यांच्या मशिदीतली वडीलधारी मंडळीही ऐकायला येणार होती आणि कुठं शब्द इकडचा तिकडं झाला तर सगळं चाचांवरच आलं असतं. वडिलांनी भरवसा दिला, “तुम्हांला मान खाली घालायला लागंल असं काही होणार नाही, मास्तर.” मग ते तयार झाले.

आमच्या तालमीत गणपतीही बसायचा आणि मोहरमात पिराचे पंजेही बसायचे. पंजांना नवस बोलणारे निम्म्याहून जास्त हिंदूच. त्यामुळं आपल्याला त्यांचं सगळं कळतं, असा आमच्या लोकांचा ठाम समज होता. माझ्या काकाचा तर फारच. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आमच्याच घरात राहायचा. सिनेमाचे बोर्ड रंगवायचा आणि व्याख्यानमालेच्या तसबिरीही तोच करायचा. बुद्ध, महावीर, येशू, सगळे त्याच्या हातून उतरले होते. व्याख्यान ठरल्यावर तो चाचांकडं गेला आणि बोर्डासाठी म्हणून पैगंबरांचं नाव उर्दू अक्षरांत लिहून मागितलं. चाचांना इतका आनंद झाला की त्यांनी आत जाऊन वजू केली, नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले, आणि बोरूनं ते नाव लिहून दिलं.

काकाला फक्त बोर्ड करायचा नव्हता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अंडं-मटण सोडून, कुणालाही न सांगता, बोर्ड रंगवायच्या गाळ्यात बसून त्यानं चित्र काढलं. दादाला आणि चाचांना चकित करायचं होतं त्याला.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी तो ते चादरीत गुंडाळून घेऊन आला. बाहेरच्या खोलीत वडील भाषणाची उजळणी करत होते. मावशी ड्यूटीवरून येऊन जिन्याकडं निघाल्या होत्या, त्यांनाही त्यानं हाक मारून बोलावलं. चित्र भिंतीला टेकवून त्यानं चादर ओढली आणि बाजूला झाला. त्याचा चेहरा लग्नातल्या वरासारखा फुलला होता.

ते चित्र कसं होतं हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगणार नाही. खाली चाचांच्या वळणात ते नाव होतं, एवढंच सांगते.

मावशींनी पदर तोंडाला लावला. वडील खुर्चीतून उठले आणि परत बसले.

“काय झालं दादा? आवडलं न्हाय व्हय?” काकानं विचारलं.

“हे कुणाकुणाला दाखवलंस?”

“कुणाला न्हाय. पोरांस्नी सांगितलंय निस्तं, झ्याक तसबीर येणार हाय म्हणून.”

“अरे, त्यांच्यात चित्र काढत नाहीत,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की काकाला ते रागावलेत हे कळलंच नाही.

“काढत न्हाईत तर आपुन काढू की! येशूचं काढलं तवा पाद्रीबाबांनी पाठ थोपटली माजी. बुद्धाचं काढलं तवा लोक पाया पडली. मग ह्येंनाच हार न्हाय घालायचा? दादा, तूच म्हंतोस न्हवं, समदी सारकी म्हणून?”

उत्तर मावशींनी दिलं. “आमच्या खोलीत भिंतीवर एक तरी तसबीर बघितलीस का रे? मोशेला डोंगरावर ज्या आज्ञा मिळाल्या, त्यांत सुरुवातीलाच आहे हे. मूर्ती करायची नाही. आमचा मोशे तोच त्यांचा मूसा. ही गोष्ट त्यांनी आमच्याहूनही घट्ट धरलीय. आणि तू त्यांच्या पैगंबरांचाच चेहरा काढून ठेवलास. हे स्टेजवर गेलं तर मास्तर उद्या कुठल्या तोंडानं मशिदीत जातील?”

काका एकदम खाली बसला. आपण प्रेमानं केलेली गोष्ट समोरच्याला शिवीसारखी लागू शकते, हे त्याला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पटत नव्हतं. मला काकाची दया येत होती आणि मावशींचा राग. घरात नुसता तेलाच्या रंगाचा वास भरून राहिला होता.

“पांढरा मार त्याच्यावर,” वडील म्हणाले.

“म्या न्हाय मारणार. उपास करून काढलंय त्ये. माजा हात न्हाय उचलायचा.”

चाचा पाचला चहाला येणार होते आणि तिथून सगळे मिळून तालमीत जाणार होते. वडिलांनी काकाच्या पिशवीतून पांढऱ्याचा डबा आणि ब्रश काढला. आयुष्यात त्यांनी खडूखेरीज काही हातात धरलं नव्हतं. वरून सुरुवात करून ते घाईघाईनं ब्रश ओढत खाली आले आणि नावापाशी येऊन थांबले. चेहरा ठेवता येत नव्हता आणि नाव पुसता येत नव्हतं. ब्रश हातात धरून ते तसेच उभे राहिले, सदऱ्यावर पांढरा ओघळत होता. तेवढ्यात बाहेर चाचांच्या चपला वाजल्या. वडील दाराकडं वळले, त्यामुळं चित्र त्यांच्या पाठीला आलं.

मी मात्र चित्रासमोर होते. ओल्या तेलरंगावर पांढऱ्याचा एक हात बसत नाही, हे सिनेमाच्या बोर्डवाल्याच्या घरात वाढलेल्या मला माहीत होतं. पांढरा खाली सरकला आणि त्यातून डोळे वर आले. चाचा उंबऱ्यात उभे होते. त्यांची नजर वडिलांच्या खांद्यावरून चित्रावर गेली, तिथं क्षणभर राहिली आणि जमिनीवर आली. मग त्यांनी नाव पाहिलं, स्वतःच्या वळणातलं.

काका भिंतीशी डोकं टेकून रडत होता.

“पोरी, कात्री आण,” चाचा म्हणाले. खाली मान घालून त्यांनी कॅनव्हासची नावाची पट्टी कापली, धुतलेल्या रुमालात गुंडाळली आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली. मग काकाच्या पाठीवर हात ठेवला. वडिलांना म्हणाले, “मास्तर, सदऱ्याला रंग लागलाय. बदला. लोक वाट बघत असतील.”

व्याख्यान चांगलं झालं म्हणतात. मी गेले नाही. मी आणि आईनं मिळून त्या कॅनव्हासचे तुकडे बंबात जाळले. दुसऱ्या दिवशी त्या बंबातल्या पाण्यानं आमच्या घरात कुणी आंघोळ केली नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकानं आडाचं गार पाणी घेतलं.

स्टूल त्या संध्याकाळी रिकामंच राहिलं होतं. झ्याक तसबीर येणार म्हणून बसलेल्या तालमीच्या पोरांनी बोलायला सुरुवात केली. मशिदीकडच्या गल्लीत बातमी गेली की पैगंबरांची तसबीर रंगवली होती. दुसऱ्या गल्लीत गेली की त्या लोकांसाठी तसबीर उतरवायला लावली. दोन्हीकडच्या पानपट्ट्यांवर माणसं जास्त वेळ उभी राहू लागली. काकाला आईनं मामाकडं कागलला पाठवून दिलं. मी कॉलेजातून येताना आमच्या दारात दगड पडलेत का ते लांबूनच बघायची. आणि मग आठवड्याभरात सगळं आपोआप विरून गेलं. वडील म्हणाले, आपल्या गावातली माणसं शहाणी आहेत.

चाचा मात्र आमच्याकडं यायचे थांबले. शाळेत बोलत, हसत, वडिलांच्या तासाला बदली हवी असली तर घेत. घरी येत नसत. वडील बोलवायचे, ते बरं म्हणायचे. रविवारी सकाळी आई दोन कप जास्तीचे काढायची. पुढं मावशींपुरता एकच काढू लागली.

काही वर्षांनी मावशीही इस्रायलला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी चाचा त्यांना भेटायला आले, तेव्हा आमच्या दारावरूनच जिना चढले. वडील दारात उभे होते. “या की मास्तर,” म्हणाले. “उतरताना येतो,” चाचा म्हणाले. उतरताना ते कधी गेले हे आम्हांला कळलंही नाही.

रात्रीचं जेवण घेऊन मी माडीवर गेले. मावशी बांधलेल्या ट्रंकेवर बसून होत्या. मी चिडूनच विचारलं, की एवढा कसला राग धरून बसलेत चाचा? काकाची चूक होती, वडिलांनी ती निस्तरली, अजून काय हवंय?

“राग?” मावशी म्हणाल्या. “तेव्हा मशिदीत त्यांना सगळ्यांच्या समोर उभं केलं होतं. विचारलं, मास्तर, तुम्ही त्या घरात गेला होता, तसबीर होती का? त्यांनी अल्लाची शपथ घेऊन सांगितलं, मी तसबीर पाहिली नाही. म्हणून मिटलं ते.”

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

“तू पाहिलंस ना, त्यांनी पाहिलं ते?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

“खोटी साक्ष देऊ नये, हेही त्याच आज्ञांत आहे गं. तुझ्या काकानं एक मोडली आणि ती झाकायला ह्यांनी दुसरी मोडली. आज मला म्हणाले, सिस्टर, तुमच्यात काय नि आमच्यात काय, विचारणारा एकच आहे. त्या खोलीत गेलो की मला ते डोळे दिसतात आणि मी काय बोललो ते ऐकू येतं. म्हणून जात नाही.” मग त्यांनी माझा हात धरला. “पण तुझ्या वडिलांना सांगायचं नाही. तुझ्या चाचांनी बजावलंय. वडिलांना वाटू दे, वेळेत झाकलं म्हणून.”

मी सांगितलं नाही. चाचा गेले तेव्हाही नाही. वडील त्यांच्या मातीला गेले, मूठभर माती घालून आले आणि तसेच बाहेरच्या खोलीत बसून राहिले.

नंतर वडील अंथरुणाला खिळले. त्यांना कालचं आठवत नसे, पण ती दुपार स्वच्छ आठवायची. एके सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तू होतीस तिथं. एक खरं सांग. मास्तरांनी चेहरा पाहिला का?”

“नाही बाबा. तुम्ही वेळेत झाकला होता.”

“मग यायचे का थांबले गं?”

मला उत्तर पाठ होतं. ते दिलं असतं तर त्यांना त्यांचे मास्तर परत मिळाले असते, आणि आपल्याला वाचवायला मास्तरांनी खोटी शपथ घेतली हेही कळलं असतं. मी उठले आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

“टाक,” ते म्हणाले. “रविवार आहे ना आज? दोन कप जास्तीचे टाक.”