बेटावर नेलेला कट्टा

माझ्या बहिणीनं, शालूनं, जे केलं थे चांगलं केलं का वाईट, हे मले कोणी विचारू नका. मी तिचा मोठा भाऊ आहो, अन् अकोटचं ढेप-सरकीचं दुकान माझंच आहे. म्हणजे माल माझ्याच दुकानातून गेला. तरी विचारसान त मी म्हणीन, अजून एक कट्टा, म्हणजे पोतं, धाडाले पाहिजे होता.

शालू हिवरखेडच्या देवरावले दिली. देवरावचं वावर काळंभोर, विहिरीले पाणी, अन् माणूस निर्व्यसनी. निर्व्यसनी म्हणजे देवमाणूस, असं तवा आमाले वाटे. देवरावची खोड आमाले मागून समजली. त्याच्या तोंडातून बरं नाही अन् वाईट नाही, काहीच निघत नाही. त्याचा मोठा भाऊ केशवराव अमरावतीले नोकरीवर होता, अन् केशवरावची बायको रागिणी जे म्हणीन थे ब्रह्मवाक्य. रागिणी बोले, देवराव मान हलवे, अन् शालू राबे.

शालूच्या हाताले चव अशी का साध्या झुणक्यावर लोक बोटं चाटत बसतीन. रागिणीले हे पहिल्याच दिवाळीत कळलं. तवापासून अमरावतीचं सारं बिऱ्हाड सणासुदीले हिवरखेडले उतरे. रागिणी ओसरीत खुर्ची टाकून म्हणे, शालूच्या हातची चव आपल्याले नाही बाप्पा जमत. लोकाईले वाटे कौतुक करून राहिली. मी पाहिलं आहे थे कौतुक. जुंपाच्या आधी बैलाच्या पाठीवर थाप मारतात ना, तसं होतं थे. सासू अंथरुणाले खिळली तवा तिचं सारं शालूनं काढलं, अन् म्हातारी गेली तवा रडाले रागिणी सगळ्यात पुढं.

शालूनं कधी तोंड उघडलं नाही. तिले हौस एकच होती, समुद्राची. काहून, कोणास ठाऊक. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, नाही त धरणाचं. पण टीव्हीवर समुद्र दिसला का बाई हातातलं लाटणं तसंच धरून पाहत बसे. एकदा माझ्यासमोर तिनं देवरावले विचारलं, थे एवढं सारं पाणी खरंच खारं असते का हो? देवराव म्हणे, असन. पुढं एक अक्षर नाही.

मागच्या हिवाळ्यात रागिणीनं काढलं का केशवरावची साठी बेटावर कराची. अंदमानाकडचं एक एवढुसं बेट तिच्या पोरानं, कुलदीपनं, मोबाइलवर शोधलं. चारी बाजूनं निळं पाणी, नारळाची झाडं, पांढरी रेती, अन् पाहुण्याईले राहाले एकच मोठं घर. स्वयंपाकाची सोय होती, पण स्वयंपाक आपला आपण कराचा. बडनेऱ्याहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान, मंग होडी, अन् होडीही रोज नाही. सारं जमलं, पण केशवरावच्या गळ्यात माळ, अन् बेटावर मासोळीशिवाय दुसरी गोष्ट नाही. रागिणीजवळ याच्यावर तोड होतीच. तिनं हिवरखेडले फोन लावला. म्हणे, आपण सारे जाऊन राहिलो शालू, शिदोरीचं तू पाह्य.

आपण सारे, असं म्हणाली ती. मी त्या वक्ती हिवरखेडलेच होतो, फोनचा आवाज मोठा होता, मी माझ्या कानानं ऐकलं.

मंग काय, शालूचे पाय जमिनीवर नव्हते. जवारी निवडून दळली. साठीच्या पुरणाले हरभऱ्याची डाळ, वरणाले तुरीची, शेवया, भाजलेले शेंगदाणे, लसणाची चटणी, अन् बरणीभर लाल मिरचीचा ठेचा. प्रत्येक जिनसाले जुन्या धोतराची वेगळी थैली शिवली. अकोटच्या बाजारातून स्वतःसाठी एक निळी साडी घेतली अन् मले दाखवाले दुकानात आली. पाण्याच्या रंगाची आहे ना दादा, म्हणे. पन्नाशीची बाई, पण त्या दिवशी शाळेतल्या पोरीवानी दिसून राहिली होती. मी म्हटलं, हो, तशीच आहे. मी तरी कुठं पाहिला होता समुद्र.

निघाचे दिवस जवळ आले अन् खुशीचा फोन आला. खुशी म्हणजे कुलदीपची बायको. पोरगी सरळ, तिच्या पोटात काही राहत नाही. तिनं विचारलं, काकू, तुमी अमरावतीले कधी येता? आमचा टॉमी नव्या माणसाच्या हातचं खात नाही, एक दिवस आधी आल्या त त्याले सवय होईन. शालूले काही समजे ना. तवा खुशीनंच सांगितलं का आईंनी त ठरवलं आहे, काकूले पाणी सोसत नाही, होडीत उलट्या होतीन, म्हणून काकू आमचं घर अन् कुत्रं सांभाळतीन. तिकिटं दिवाळीतच काढली, काकाचंही काढलं. अन् वरून म्हणे, काकाले त सारं माहीत आहे.

शालूनं कुत्र्याले काय काय आवडते थे विचारून घेतलं अन् फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. डोळे कोरडे. सारं सांगितलं अन् माझी आग मस्तकात गेली. रागिणीचं सोडा, ती परक्याच्या घरची. पण हा देवराव! दिवाळीपासून माहीत असून रोज तिच्या हातची भाकर खाऊन राहिला अन् मूग गिळून बसला. मी दुकान तसंच टाकून हिवरखेडच्या एसटीकडं निघालो होतो. म्हटलं, आज याच्या कानाखाली आवाज काढतोच. शालूनं माझा हात धरला.

"बस दादा. मले ढेप पाहिजे. बारीक दळून दे, पिठासारखी. अन् चुनी पाहिजे, अन् सरकी."

आता शहरातल्या लोकाईले सांगतो. सरकीचं तेल काढल्यावर जे उरते थे ढेप. डाळ भरडल्यावर जो चुरा अन् टरफलं उरतात थे चुनी. दोन्ही ढोराईचं खाणं. मले पहिलं हसू आलं. मंग तिच्या तोंडाकडं पाहिलं अन् हसू गेलं.

"पण खरं पीठही तयार ठेवीन मी," ती म्हणे. "कट्ट्याचं तोंड शिवेपर्यंत त्याईले वेळ आहे. त्याईनं आपल्या तोंडानं सांगतलं का शालू, तुले नेऊन नाही राहिलो, त मी ढेप काढून पीठ भरीन. मले दुसरं काहीच नाही पाहिजे."

मी म्हटलं, देवराव नाही बोलाचा. ती म्हणे, पाहू.

अन् तिनं त्याले वाट करून दिली नाही, असं म्हणता येत नाही हो. जेवताना तिनंच विषय काढला. बेटावर थंडी असन का, मी शाल घेऊ का? देवराव ताटात पाहून म्हणे, घे. आता याले काय म्हणाचं? नुसता चूप बसला असता तरी मी माफ केलं असतं. घे म्हणाला.

कट्टा शिवला त्या दिवशी मी होतो. मुद्दाम गेलो होतो. अंगणात कट्टा भरून उभा होता. खाली ढेप, चुनी अन् सरकीच्या थैल्या, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, अन् वर ठेचा अन् लसणाची चटणी, म्हणजे दुसरा वास वर येऊ नये. खऱ्या पिठा-डाळीच्या थैल्या स्वयंपाकखोलीत दारामागं. शालूनं दाभण घेतलं, सुतळी ओवली, अन् देवरावनं कट्ट्याचं तोंड दोन्ही हातानं धरलं. ती अशी सावकाश शिवे का मले बसवत नव्हतं. मी मनात म्हणून राहिलो होतो, बोल रे बाप्पा, आता तरी बोल. तुह्या बायकोले समुद्र नको, तुह्या तोंडचं एक खरं वाक्य पाहिजे.

अर्ध्यात शालूचा हात थांबला. तिनं मान वर केली अन् विचारलं, "काही राहिलं का हो?"

देवराव म्हणे, "नाही. घट्ट शीव, रस्त्यात सांडीन."

शालूनं घट्ट शिवलं. शेवटची गाठ दातानं ओढली.

निघताना एसटी स्टँडवर त्याले कंठ फुटला. म्हणे, तू चार दिवस अमरावतीले जाऊन ये, तुलेही बदल होईन. शालू बरं म्हणाली. मंग घरी येऊन तिनं खुशीले फोन केला का मी येत नाही, कुत्र्याचं पाहून घ्या. कुत्र्याचा काही गुन्हा नव्हता. खुशीनं गडबडीत त्याले मोर्शीले आपल्या माहेरी पोचवलं, अन् रागिणीले चरफडाले वेळ मिळाला नाही, कारण गाडीची वेळ झाली होती.

बेटावर काय झालं थे मले देवरावनंच सांगितलं. परत येताना तो हिवरखेडले सरळ गेलाच नाही, अकोटले माझ्या दुकानात येऊन बसला. एकट्यानं घरी जाची हिंमत नव्हती. त्याच्यापुढं चहा ठेवला थो तसाच राहिला.

त्या घरात पुण्याचं एक कुटुंबही उतरलं होतं. रागिणीनं पोचल्याबरोबर त्याईले अन् घरमालकाले आवतण दिलं, आज आमचं वऱ्हाडी जेवण जेवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात थे हेच. सारे गोल बसले. कट्टा उसवला. पहिले ठेचा निघाला, वा वा झालं. मंग रागिणीनं पिठाची थैली परातीत ओतली, अंधारलेल्या स्वयंपाकखोलीत नीट न पाहता, अन् वरून पाणी टाकलं. ढेपीवर पाणी पडलं का ती फुगते अन् वास सोडते. देवराव बाहेर रेतीवर बसला होता. समुद्राच्या काठी त्याले आपल्या गोठ्याचा वास आला. तो उठून आत आला तवा रागिणीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले होते, अन् पुण्याची बाई विचारून राहिली होती का हा कोणता पदार्थ?

रागिणी म्हणे, "देवराव, हे काय आहे?"

जन्मात पहिल्यांदा देवराव चारचौघात बोलला. "ढेप आहे वयनी. ढोराईची."

मंग पुरणाच्या डाळीची थैली उघडली त चुनी. शेंगदाण्याची उघडली त सरकी. होडी परत येईपर्यंत सारे बेटावर अडकले. भात मिळे. मंग भात अन् ठेचा, ठेचा अन् भात. अन् शालूचा ठेचा म्हणजे गंमत नाही, दुसऱ्याच दिवशी केशवराव पोट धरून बसला. साठीले पुरणपोळीऐवजी नारळ फोडला. कुलदीप अन् खुशीनं घरामागं जाऊन मासोळी खाल्ली, अन् माळकरी बापानं थे पाहिलं. रागिणी फोनचं नेटवर्क शोधत गुडघाभर पाण्यात उभी राहिली अन् तिथून शालूवर बरसली. शालूनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, ताई, माझ्या हातची चव तुमाले आवडते ना, म्हणून धाडली. अन् फोन ठेवला.

हे सांगून देवराव मान खाली घालून बसला. म्हणे, मी तिले सांगणारच होतो. मी म्हटलं, कधी? तिच्या तेराव्याले?

तरी त्याले मोटरसायकलवर बसवून मीच हिवरखेडले नेलं. खरं सांगू का, मले पाहाचं होतं.

शालू गोठ्यात होती. अंगावर थेच निळी साडी, खोचलेली, शेणाचे डाग पडलेली. समोर घमेल्यात म्हशीची ढेप भिजत होती. देवराव उन्हानं काळा पडला होता, गाल बसले होते.  पिशवीतून त्यानं एक बाटली काढली अन् तिच्यापुढं धरली. आत पाणी होतं. समुद्राचं. तिनं विचारलं होतं थे त्याच्या ध्यानात होतं, तेवढं मी कबूल करतो. 

शालूनं बाटली घेतली. झाकण उघडून चार थेंब तळहातावर घेतले अन् जीभ लावली. डोळे मिटले. मले वाटलं आता ही रडीन.

"खारंच आहे," ती म्हणे.

मंग तिनं सारी बाटली घमेल्यात उपडी केली, हातानं ढेप कालवली अन् घमेलं म्हशीपुढं सरकवलं. म्हणे, बरं झालं, मीठ टाकाचं वाचलं. म्हशीनं तोंड घातलं अन् चाटूनपुसून खाल्लं.

देवरावच्या डोळ्यात पाणी आलं. तो म्हणे, शालू, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ.

शालूनं पदराले हात पुसले.

"मी दादासंग जाईन. तुमी म्हैस सांभाळजा. ती नव्या माणसाच्या हातचं खात नाही, तवा आजपासूनच सवय करा." अन् रिकामं घमेलं तिनं त्याच्या हाती दिलं.

त्यानं थे घेतलं. आमची तिकिटं मी दुसऱ्याच दिवशी काढली, माझं, माझ्या बायकोचं अन् शालूचं, त्याच बेटाची.