खताचं पिंप आणि बिबड्या

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याला ‘काळं सोनं’ म्हणणारा माणूस दिसला, की मी हल्ली रस्ता बदलतो. जळगावात आमच्या कॉलनीत असा एक निघाला. निवृत्त, पांढरे बूट, खिशात मूठभर खत. भेटेल त्याच्या नाकाखाली धरायचा. ‘वास घ्या भाऊ, जंगलाचा!’ मला सर्दी झाली होती, तरी मी मान डोलावली आणि खताचं पिंप आणून गच्चीवर बसवलं.

त्याच आठवड्यात भडगावहून सासूबाई आल्या. नाशिकच्या आमच्या लेकीला दिवस गेलेले, आणि तिला आजीच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्यांशिवाय, त्या खानदेशी पापडांशिवाय, काही गोड लागत नव्हतं. बिबड्यांबरोबर कुरडयाही झाल्या. गव्हाचा चीक काढून उरलेला चोथा दरवर्षी गल्लीतल्या गायीला जायचा. यंदा मी बादली अडवली.

‘गायीच्या तोंडचं काढता?’ बायको म्हणाली.

‘गाय काय देते? शेण! माझं पिंप सोनं देईल.’ असलं काही बोलताना माझी मान आपोआप ताठ होते. जुना आजार.

चोथा सगळा ओतला. कोरडा पाला घाला, हवा खेळू द्या, असं त्या बूटवाल्यानं बजावलं होतं. पण वास सुटला, तेव्हा मी भोकांना चिकटपट्टी लावली आणि झाकणावर फरशी ठेवली. वर मे महिन्याचं ऊन. दुपारी धाडकन आवाज झाला. सिलिंडर फुटला म्हणून शेजारपाजारचे धावत वर आले.

झाकण पाण्याच्या टाकीपाशी पडलं होतं. आंबूस, फेसाळ लगदा उतारानं निवांत वाहत वाळत घातलेल्या बिबड्यांवर पोचला होता.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. ‘जवाई, हाई काय शे?’

‘खत.’

‘मन्या बठ्ठ्या बिबड्या गयात!’ त्यांच्या सगळ्याच्या सगळ्या गेल्या होत्या.

धावत आलेल्यांत बूटवालेही होते, ते पिंपात डोकावले. ‘घाबरू नका. त्या बिबड्याही आतच टाका. उत्तम खत होईल.’

‘यांना आधी खाली न्या,’ बायको मला म्हणाली, ‘नाहीतर यांचंच होईल.’

ज्वारी पुन्हा भिजली. चुलीवरचा रटरटता घाटा ढवळायची शिक्षा अर्थातच मला. हात थांबला की सासूबाई खाकरायच्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ‘आई, पाठवल्या का बिबड्या?’

बायकोनं स्पीकर लावला. ‘पहिल्या गेल्या. आता तुझे बाबा करताहेत.’



‘मग थोड्याच पाठव,’ लेक म्हणाली.