यादीत नसबंदी, घरात लेकरू

"हे लेकरू खोटं आहे," तपासणीचा साहेब चावडीवर म्हणाला. लेकरू आठ महिन्यांचं होतं आणि आईच्या कडेवरून माझी वही ओढत होतं.

मी त्या गावची दाई. शाळा चौथीपर्यंत, ट्रेनिंग आरोग्य केंद्रात. गावातलं प्रत्येक बाळंतपण मी वहीत लिहायची आणि ग्रामसेवक त्यावरून जन्माची नोंद करायचा. तालुका परभणी. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत.

तेव्हा नसबंदीचं टार्गेट असायचं. कुणी किती केसेस आणायच्या ते वरून ठरायचं. केस म्हणजे ऑपरेशन झालेला माणूस. केसेस खोट्या दाखवतात अशी तक्रार गेली. म्हणून ऑपरेशनची यादी आणि जन्माची नोंद शेजारी ठेवून बघायचा हुकूम निघाला. ऑपरेशननंतर घरात लेकरू झालं, तर दोनपैकी एक कागद खोटा. इथवर ठीक होतं. साहेबानं ते गावासमोर मोठ्यानं वाचलं.

"म्हाळू. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नसबंदी. आणि गेल्या जूनला मुलगा? बाई, तुमची वही बोगस आहे."

"माझ्या हातावर झालंय लेकरू, साहेब. बोगस कसं?"

तिथंच म्हाळूची आई धुरपदा उठली. सखूला, म्हणजे सुनेला म्हणाली, "मग ह्ये कुणाचं गं?"

"आत्याबाई, तुमच्या लेकाचंच की!"

"त्यो लाजंनं आपरेशनचं बोलला नसंल. सरकार खोटं लिवतंय व्हय? चल, माहेरी नेऊन घालते तुला. आजच."

म्हाळू मेंढरं घेऊन सोनपेठच्या बाजूला गोदाकाठी गेलेला. दिवाळीनंतर गेलेला धनगर पाऊस लागल्यावरच परत यायचा. तोवर सखू माहेरी बसली असती, आणि एकदा तशी बसलेली बाई परत आणत नव्हते.

मी साहेबाला यादी मागितली.

"तुम्हाला वाचता येतं?"

"चौथी पास हाय."

म्हाळूच्या नावाच्या वर-खाली त्याच्याच धनगरवाड्यातली नावं होती. अकरा जण, सगळ्यांचं ऑपरेशन एकाच दिवशी.

"साहेब, त्या दिवसांत धनगरवाड्यात गडी माणूस दावा मला. म्हातारे आन् कुत्री, बस."

"एक दिवस आले असतील."

"अकरा जण? मग मेंढरं कुणापाशी ठिवली, तुमच्यापाशी?"

लोक हसले. साहेब हसला नाही. यादीवर शिक्का होता.

सहावं नाव कोंडिबाचं. तो त्या तारखेच्या वर्षभर आधी वारला होता. मेलेला माणूस यादीत येतो, तो दुसऱ्या यादीतून. मी रेशन दुकानदाराला रजिस्टर आणायला लावलं. साखर कमी होईल म्हणून कोंडिबाच्या बायकोनं नवऱ्याचं नाव काढलं नव्हतं. साहेबानं रजिस्टर आणि यादी शेजारी ठेवली. तीच अकरा नावं, त्याच क्रमानं. कुणीतरी बसल्या जागी उतरवून काढली होती.

साहेबानं पेन काढून अकराच्या अकरा नावांवर रेघ मारली.

"धुरपदाबाई, ऐकलं का?" मी म्हटलं.

तिनं सुनेची माफी मागितली नाही. लेकरू आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चल घरी, भाकरी टाकायच्या हायेत." सखू मागोमाग गेली.

पावसाळ्यात म्हाळू आला. साहेबाचं पत्र होतं म्हणून डॉक्टरांनी त्याला तपासलं. खूण सापडली नाही. तो चिडून मला म्हणाला, "मावशे, मलाच इचारायचं हुतं की."

बरोबर होतं त्याचं. कागद कागदाशी जुळला नाही तर आधी त्या घरी जाऊन हळू आवाजात विचारावं. चावडीवर वाचू नये.

यादी उतरवणाऱ्याची बदली झाली, त्याच्या घराजवळ. कोंडिबाच्या बायकोची साखर पुढच्याच महिन्यात कमी झाली. ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही.